माहुरकर कॅथेटर : दोन वाटांच्या एका नळीचा इतिहास

१/
नागपुरात ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ‘मेयो’ म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हे कोणत्याही ऑटोवाल्याला समजावून सांगावे लागत नाही. मूत्रपिंडविकाराच्या क्षेत्रातही असे एक नाव आहे, जे डॉक्टरांना आणि डायलिसिसच्या तंत्रज्ञांना समजावून सांगावे लागत नाही : माहुरकर. गळ्याच्या किंवा जांघेच्या शिरेत घालून तातडीचे डायलिसिस सुरू करण्याची ही नळी. मराठी आडनावाची ही नळी जगभर पोहोचली. आडनावामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. हा धागा त्या नळीच्या इतिहासाचा आहे.

२/
विदर्भाला या नळीची गरज का भासते, हे आधी पाहू. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्याला घोणस चावते आणि तिच्या विषाने मूत्रपिंडे बंद पडू शकतात. बाळंतपणातील जंतुसंसर्ग, मलेरिया किंवा ४५ अंशांच्या उन्हातला उष्माघात यांनीही तेच घडू शकते. अशा रुग्णाजवळ वेळ नसतो. डायलिसिस काही तासांत सुरू व्हावे लागते. अनेकदा काही आठवड्यांत मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात आणि नळी काढून टाकता येते. म्हणजे पूर्ण बरे होऊ शकणारा माणूस त्या मधल्या काळात जगेल की नाही, हे बऱ्याच अंशी रक्तापर्यंत पोहोचणारी वाट किती लवकर आणि किती सुरक्षितपणे मिळते यावर ठरते.

३/
ही वाट साध्या सलाइनच्या सुईने का मिळत नाही? उत्तर अंकगणितात आहे. डायलिसिस यंत्राला मिनिटाला साधारण २०० ते ४०० मिलीलिटर रक्त लागते. ३०० मिलीलिटर धरले, तर चार तासांत ७२ लिटर रक्त शरीराबाहेर जाऊन परत येते. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असते सुमारे पाच लिटर. म्हणजे अंगातले सगळे रक्त एका बैठकीत चौदा वेळा फिरते. हाताच्या पंजावरची बारीक शीर एवढा प्रवाह देऊ शकत नाही. शिवाय वाटा दोन हव्यात : एक रक्त बाहेर काढण्यासाठी, दुसरी परत सोडण्यासाठी.

४/
‘डायलिसिस’ हा शब्द स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये रूढ केला. पातळ पडद्यातून लहान रेणू पार होतात आणि मोठे अडतात, हे त्यांनी दाखवले. १९१३ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांचे रक्त कोलोडियनच्या नळ्यांतून फिरवले. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांपासून काढलेले हिरुडिन वापरले. १९२४ मध्ये जर्मनीतील गीसेन येथे गेऑर्ग हास यांनी माणसावर पहिले डायलिसिस केले. ते १५ मिनिटे चालले.

५/
खऱ्या अर्थाने चालणारे यंत्र आले १९४३ मध्ये, जर्मनीच्या ताब्यात असलेल्या हॉलंडमधील कांपेन या लहान गावात. विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने सॉसेजची आवरणे बनवण्यासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या ढोलाभोवती गुंडाळली. तो ढोल मिठाच्या पाण्याने भरलेल्या टबात फिरत राही. रक्त सेलोफेनमधून जाताना त्यातला युरिया पाण्यात उतरे. युद्धकाळातील टंचाईत, हाताशी असेल त्या साहित्यातून कृत्रिम मूत्रपिंड उभे राहिले.

६/
पण कोल्फ यांच्या पहिल्या रुग्णाची हकीकत या संपूर्ण इतिहासाची किल्ली आहे. ती २९ वर्षांची स्त्री होती; तिची दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाली होती. यंत्राने तिचे रक्त शुद्ध केले. मात्र प्रत्येक बैठकीसाठी शस्त्रक्रिया करून नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि एकदा वापरलेली वाहिनी पुन्हा कामी येत नसे. बारा बैठकांनंतर वापरण्याजोगी वाहिनीच उरली नाही, आणि ती वाचू शकली नाही. यंत्र चालू होते, पण रक्तापर्यंत जाण्याची वाट संपली होती.

७/
सुरुवातीचे बहुतेक सारे रुग्ण दगावल्यानंतर सप्टेंबर १९४५ मध्ये कोल्फ यांना पहिले निर्विवाद यश मिळाले : ६७ वर्षांची एक बेशुद्ध स्त्री डायलिसिसनंतर शुद्धीवर आली आणि बरी झाली. पुढची पंधरा वर्षे डायलिसिसचा वापर मुख्यतः अशाच रुग्णांपुरता राहिला, ज्यांची मूत्रपिंडे काही दिवसांत आपोआप सुधारणार होती. ज्यांची कायमची गेली होती, त्यांना यंत्र असूनही मरण टळत नव्हते. आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे रक्तवाहिनी उघडणे अशक्य होते.

८/
ही कोंडी १९६० मध्ये सिअॅटल येथे फुटली. डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांची कल्पना साधी होती : मनगटाजवळच्या धमनीत एक आणि शिरेत एक नळी कायमची बसवायची आणि डायलिसिस नसताना दोन्ही टोके बाहेरून इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या नळीने जोडून ठेवायची. रक्त वाहते राहील, म्हणून गोठणार नाही. नळी टेफ्लॉनची होती, कारण टेफ्लॉनला सहसा काही चिकटत नाही. तिला आकार दिला वेन क्विंटन या यंत्रकाराने. हे नाव लक्षात ठेवावे; या धाग्यात ते पुन्हा येईल.

९/
९ मार्च १९६० रोजी क्लाइड शील्ड्स या यंत्रकामगाराच्या हातात ही नळी बसवली गेली. मरणासन्न असलेला हा माणूस त्यानंतर अकरा वर्षे जगला. पण यंत्रे मोजकी आणि गरजू असंख्य. सिअॅटलमध्ये १९६२ साली नागरिकांची एक समिती कोणाला डायलिसिस द्यायचे हे ठरवू लागली. शाना अलेक्झांडर यांनी त्याच वर्षी ‘लाइफ’ मासिकात या समितीवर लेख लिहिला आणि अमेरिकेत खळबळ उडाली. वाट सापडताच दुसरा प्रश्न उभा राहिला : त्या वाटेने कोणाला जाऊ द्यायचे?

१०/
स्क्रिब्नर यांच्या नळीतही उणिवा होत्या. कातडीतून बाहेर आलेल्या टोकांपाशी जंतुसंसर्ग होई, गुठळ्या होत, आणि जोड निसटला तर धमनीतले रक्त वाहून जाण्याची धास्ती असे. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयातून मायकल ब्रेशिया, जेम्स सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा उपाय मांडला. हातातील धमनी आणि शीर त्वचेखाली एकमेकींना जोडायची. धमनीच्या जोराने शीर फुगते, जाड होते आणि तिच्यात वारंवार सुया टोचता येतात. हीच ‘फिस्टुला’. बाहेर काहीही लोंबत नाही, अंगात परकी वस्तू राहत नाही. नियमित डायलिसिससाठी आजही तीच सर्वांत सुरक्षित वाट मानली जाते.

११/
मात्र फिस्टुला पिकायला अनेक आठवडे लागतात. घोणस चावलेल्या माणसाला तेवढा अवधी कुठला? या तातडीच्या रुग्णांसाठी दुसरी परंपरा वाढत होती. स्वीडनचे स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये रक्तवाहिनीत शिरण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली : सुई टोचायची, सुईतून लवचीक तार सरकवायची, सुई काढायची आणि तारेवरून नळी आत घालायची. चिरा देण्याची गरज उरली नाही. १९६१ मध्ये लंडनच्या स्टॅन्ली शाल्डन यांनी या रीतीने जांघेतील रक्तवाहिन्यांत नळ्या घालून डायलिसिस केले. १९६९ मध्ये प्रागचे योसेफ एर्बेन यांनी गळ्याच्या हाडाखालची शीर वापरली.

१२/
येथे एक व्यावहारिक अडचण होती. नळी एक आणि रक्ताच्या दिशा दोन. एक तर दोन ठिकाणी टोचून दोन नळ्या घालाव्या लागत, म्हणजे जखमा दोन आणि धोकाही दुप्पट. नाही तर एकाच नळीतून थोडा वेळ रक्त ओढायचे, थोडा वेळ सोडायचे. यात वेळ वाया जाई आणि नुकतेच शुद्ध झालेले रक्त पुन्हा यंत्राकडे ओढले जाई. एकाच नळीच्या पोटात दोन वाटा असाव्यात, ही कल्पना पुढे येत होती. तिला योग्य आकार मिळायचा होता.

१३/
त्याच दशकात मागणी एकाएकी वाढली. १९७२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येक नागरिकाच्या डायलिसिसचा खर्च सरकारी मेडिकेअर योजनेकडे आला. सिअॅटलसारख्या निवड समित्यांची गरज संपली. डायलिसिसची केंद्रे वाढली, तशी चांगल्या नळ्यांची गरजही वाढली.

१४/
भारतात डायलिसिस हा शब्द घरोघरी पोहोचला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत चंदीगड येथे स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली त्यांचे डायलिसिस सुरू झाले. यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. इंदिरा गांधी यांनी पाठवलेली ९०,००० रुपयांची रक्कम मात्र जयप्रकाशजींनी परत केली. १९७७ च्या सत्तांतरात जनता पक्षाचा हा आधारस्तंभ डायलिसिसवर जगत होता. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. सर्वसामान्य भारतीय रुग्णाला मात्र त्या काळी हा उपचार बहुधा दुरूनच पाहावा लागे.

१५/
आता नळीच्या आकाराकडे येऊ. नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’ या मापात मोजतात. पॅरिसमधील शस्त्रक्रियेची अवजारे बनवणारे शारिएर यांच्यापासून ते चालत आले आहे. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलीमीटर. प्रौढांची तातडीची डायलिसिस नळी साधारण १२ फ्रेंच, म्हणजे जेमतेम चार मिलीमीटर जाडीची. एवढ्याशा जागेत दोन प्रवाह बसवायचे. पेच असा की, नळी जाड करावी तर जखम मोठी होते आणि शिरेला इजा पोहोचते. बारीक करावी तर प्रवाह कोसळतो. फ्रेंच वैद्य प्वाझे यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले होते की गोल नळीची त्रिज्या निम्मी केली, तर त्याच दाबाखाली प्रवाह सोळापटीने घटतो.

१६/
या पेचाला सुचणारी पहिली उत्तरे दोन. एक : दोन गोल नळ्या शेजारी शेजारी ठेवणे. भूमिती सांगते की एका वर्तुळात दोन सारखी वर्तुळे बसवली तर निम्मीच जागा कामी येते, उरलेली निम्मी वाया जाते. दुसरे : मोठ्या नळीच्या आत लहान नळी घालणे, म्हणजे समकेंद्री रचना. टोरोंटोचे रॉबर्ट उल्डाल यांच्या नावाने ओळखली जाणारी नळी याच घराण्यातली. तिने अनेकांचे प्राण वाचवले. पण बाहेरच्या वाटेचे रक्त एका अरुंद कड्यासारख्या फटीतून वाहते. त्याला आतूनही भिंत घासते आणि बाहेरूनही. घर्षण वाढते, आणि रक्तपेशींना इजा होण्याचा संभवही वाढतो.

१७/
येथे डॉ. सखाराम माहुरकर यांचा प्रवेश होतो. आडनाव माहूरचे : पैनगंगेच्या खोऱ्यातले, यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरचे, रेणुकामातेचे आणि दत्तात्रेयांचे ते क्षेत्र. डॉ. माहुरकर मात्र काम करीत होते शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात. हे शहरातील गोरगरिबांचे सार्वजनिक रुग्णालय. अमेरिकेतील रुग्णालयांमधली पहिली रक्तपेढी १९३७ मध्ये तेथेच सुरू झाली. मूत्रपिंडविकारतज्ज्ञ या नात्याने माहुरकर यांच्यासमोर नळीचा प्रश्न कागदावर नव्हता, रोजच्या रुग्णांच्या अंगात होता.

१८/
१९७९ मध्ये त्यांनी दोन वाटांच्या लवचीक नळीवर काम सुरू केले. पुढे अमेरिकी न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदला गेलेला तपशील असा : १९८० च्या अखेरीस आणि १९८१ च्या आरंभी त्यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरात नमुने तयार केले. पॉलिथिलीनच्या नळ्या आणि त्या तापवून, वाकवून आकार देण्याची साधने त्यांनी विकत आणली. रक्ताच्या जागी ग्लिसरीन वापरून, प्रवाह किती मिळतो आणि दाब किती घटतो, याची मापे तेथेच घेतली. पॉलिथिलीन ठिसूळ, माणसाच्या शिरेत घालण्याजोगे नव्हे, हे त्यांना माहीत होते. पण आकार सिद्ध झाला की पुढे मऊ, शरीराला मानवणारा पदार्थ वापरता येईल, हेही ते जाणून होते.

१९/
तो आकार काय होता? गोल नळीच्या मधोमध एक सरळ भिंत घालायची. दोन बाजूंना दोन अर्धवर्तुळे तयार होतात, जणू इंग्रजी ‘डी’ अक्षर पाठीला पाठ लावून दोनदा लिहिले आहे. मधली भिंत दोन्ही वाटांना सामाईक. तिची जाडी सोडली तर नळीचा जवळजवळ सगळा छेद रक्तासाठी मोकळा राहतो. कड्यासारखी चिंचोळी फट नाही आणि वाया जाणारे कोपरेही नाहीत. एकदा सांगितल्यावर शाळकरी मुलालाही पटावी, अशी ही मांडणी आहे.

२०/
दुसरा विचार टोकाचा. रक्त ओढणारी वाट अलीकडे संपते आणि परत सोडणारी वाट पुढे जाऊन निमुळत्या, शंकूसारख्या टोकाशी उघडते. दोन तोंडांत अंतर असल्यामुळे शुद्ध झालेले रक्त लगेच पुन्हा ओढले जाण्याचे प्रमाण घटते. निमुळत्या टोकामुळे नळी तारेवरून शिरेत अलगद सरकते. बाहेर दोन फाटे राहतात : लाल फाट्यातून रक्त यंत्राकडे जाते, निळ्यातून परत येते. दोन्ही तोंडे असतात एकाच शिरेत. तरीही लाल फाट्याला ‘आर्टेरियल’ म्हणण्याची प्रथा स्क्रिब्नर यांच्या काळाची आठवण जपून आहे.

२१/
फरक किती पडला? फेडरल न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांनी १९९० च्या निकालात नोंदवले की तेवढेच रक्त वाहून नेणाऱ्या समकेंद्री नळीच्या तुलनेत माहुरकर नळीला लागणारे छिद्र ४२ टक्के कमी क्षेत्रफळाचे असते. समकेंद्री नळ्या कालबाह्य झाल्या असून जगातील निम्म्याहून अधिक विक्री माहुरकर नळ्यांची दिसते, असेही त्यांनी लिहिले. वैद्यकाच्या भाषेत ४२ टक्के हा आकडा आहे. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ लहान जखम आणि शिरेला कमी इजा.

२२/
पण न्यायाधीशाला नळीविषयी लिहिण्याची वेळ का आली? ८ मार्च १९८२ रोजी माहुरकर यांनी नळीच्या बाह्यरूपाच्या हक्कासाठी अर्ज केला. त्यात सहा आकृत्या होत्या. तेच डिझाइन ऑगस्ट १९८२ मध्ये कॅनडातही नोंदले गेले. नळीच्या रचनेच्या पेटंटचा पहिला अर्ज त्यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये दिला. पेटंटे १९८६ आणि १९८७ मध्ये मिळाली. निर्मितीचा एकमेव परवाना होता क्विंटन इन्स्ट्रुमेंट कंपनीकडे. स्क्रिब्नर यांची नळी घडवणाऱ्या वेन क्विंटन यांनी स्थापलेली हीच ती कंपनी. १९८८ मध्ये कॅनडाच्या व्हास-कॅथ या प्रतिस्पर्धी कंपनीने दावा ठोकला.

२३/
व्हास-कॅथचा युक्तिवाद कुशल होता. नवा शोध जगापुढे उघड झाल्यावर एका वर्षाच्या आत पेटंटचा अर्ज करावा लागतो. कॅनडातील नोंदणी १९८२ ची, अर्ज १९८४ चा. म्हणजे माहुरकर यांच्या स्वतःच्याच आकृत्यांनी त्यांचे पेटंट रद्द ठरते. यातून सुटण्याचा मार्ग एकच : मार्च १९८२ ची तारीख ग्राह्य धरणे. पण त्या अर्जात शब्दांत वर्णन नव्हते, फक्त आकृत्या होत्या. आकृत्या म्हणजे ‘लेखी वर्णन’ होऊ शकते काय? ईस्टरब्रुक यांनी १९९० मध्ये नकार दिला. नळीची प्रशंसा करणाऱ्या न्यायाधीशानेच पेटंट अवैध ठरवले.

२४/
७ जून १९९१ रोजी अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. निकालपत्र लिहिले गाइल्स रिच यांनी. अमेरिकेचा १९५२ चा पेटंट कायदा घडवणाऱ्यांपैकी ते एक होते. योग्य परिस्थितीत केवळ आकृत्यासुद्धा शोधाचे लेखी वर्णन ठरू शकतात, असे त्यांनी म्हटले. त्या दिवशी शोध खरोखरच शोधकाच्या हाती होता, हे जाणकाराला त्या कागदांवरून कळते की नाही, ही कसोटी होय. ‘व्हास-कॅथ विरुद्ध माहुरकर’ हा खटला अमेरिकेत पेटंट कायदा शिकणारे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

२५/
सी. आर. बार्ड या कंपनीशी झालेल्या दुसऱ्या खटल्यात १९९६ मध्ये स्वयंपाकघर केंद्रस्थानी आले. ठिसूळ पॉलिथिलीन आणि ग्लिसरीन यांवर केलेल्या चाचण्यांना शोध सिद्ध झाला असे म्हणायचे का? अपील न्यायालयाने होकार दिला. अशा साध्या रचनेच्या शोधासाठी प्रत्यक्ष वापराची सारी परिस्थिती हुबेहूब उभी करणे आवश्यक नाही, असे ठरले. मोठ्या प्रयोगशाळेचे पाठबळ नसलेल्या संशोधकांसाठी ही नोंद महत्त्वाची आहे.

२६/
आकाराचा प्रश्न सुटला, तरी सुरक्षिततेचा प्रश्न संपला नाही. सुरुवातीच्या काळात या नळ्या सर्रास गळ्याच्या हाडाखालच्या शिरेत घातल्या जात. नळी टोचायला सोयीची, रुग्णालाही मान हलवायला मोकळीक. १९८० च्या दशकात लक्षात येऊ लागले की काही काळाने ती शीर आतून आकसते. मग त्या बाजूचा हात सुजतो आणि त्या हातात फिस्टुला करण्याची संधी जाते. आजच्या सोयीने उद्याची वाट बंद होत होती. १९९७ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी शक्यतो ती शीर टाळून मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेला पसंती दिली, कारण तेथून हृदयाकडे जाणारा मार्ग सरळ असतो.

२७/
नळीच्या पदार्थातही बदल होत गेला. पॉलियुरेथेन घालताना पुरेसे ताठ असते आणि शरीराच्या उष्णतेने मऊ पडते, म्हणून तातडीच्या नळ्यांसाठी ते रुळले. दीर्घकाळ ठेवायच्या नळ्यांसाठी त्याहून मऊ सिलिकोन आले. त्यांत एक युक्ती होती : नळीवर डेक्रॉन कापडाचे कडे बसवून ती त्वचेखालच्या बोगद्यातून काढायची. काही आठवड्यांत आसपासचे मांस त्या कड्यात शिरून पकड घेते आणि बाहेरचे जंतू आत सरकण्याला अडसर तयार होतो. सिअॅटलच्याच हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठी अशी कडी वापरली होती. आज रुग्ण आणि नातेवाईक जिला सरसकट ‘परमकॅथ’ म्हणतात, ती याच वंशातली नळी. ‘परमकॅथ’ हे मुळात क्विंटन कंपनीचे व्यापारी नाव होते.

२८/
आरामाचा विचार उशिरा झाला, पण झाला. जांघेत नळी असेल तर पाय दुमडता येत नाही, चालता-फिरता येत नाही. मानेतून सरळ वर उभे राहणारे फाटे कानाशी टोचतात, कूस बदलताना ओढले जातात. म्हणून फाट्यांना खाली वळण दिलेल्या नळ्या निघाल्या. बोगद्याच्या नळ्या छातीवर बाहेर पडतात. कपड्याखाली झाकल्या जातात, माणसाला कामाला जाता येते. अंघोळीची पंचाईत मात्र आजही उरली आहे, कारण नळीची जागा ओली होऊ देता येत नाही.

२९/
सर्वांत मोठा शत्रू अजूनही जंतुसंसर्ग आहे. नळी थेट मोठ्या शिरेत उघडते. फाट्याचे टोपण उघडताना झालेला एक हलगर्जीपणा जंतूंना रक्तात पोहोचवतो, आणि थंडी वाजून ताप भरतो. त्यामुळे मास्क, निर्जंतुक हातमोजे, टोपण पुसण्याची शिस्त आणि डायलिसिस संपल्यावर दोन्ही वाटांत हेपरिन भरून ठेवणे, ही कामे नळीच्या रचनेइतकीच मोलाची ठरतात. चांगली नळी कारखान्यात अर्धीच घडते. उरलेली परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्या हातांत घडते.

३०/
महाराष्ट्रात २०१२ पासूनच्या जीवनदायी योजनेत, म्हणजे आजच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत, डायलिसिसचा समावेश आहे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत यंत्रे बसू लागली. तरीही कित्येक रुग्णांना आजार अगदी शेवटच्या टप्प्यात कळतो. फिस्टुला आधी करून ठेवण्याची संधी निघून गेलेली असते आणि डायलिसिसची सुरुवात गळ्यातल्या नळीने होते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने क्रिएटिनिनची तपासणी वेळेवर केली, तर ही नळी अनेकदा टळू शकते. मूत्रपिंडाचा आजार आधीच माहीत असेल, तर ज्या हातात पुढे फिस्टुला करायची, त्या हातात सुया टोचू न देणे हेही तितकेच महत्त्वाचे.

३१/
कांपेनच्या त्या २९ वर्षांच्या स्त्रीपासून आजवरचा हा प्रवास पाहिला, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. रक्त शुद्ध कसे करावे हे माणसाला १९४३ मध्येच समजले होते. रक्तापर्यंत पुन्हा पुन्हा, कमीत कमी इजा करून कसे पोहोचावे, हे शिकायला पुढची कित्येक दशके लागली. त्या शिकण्यात टेफ्लॉनची नळी आहे, फिस्टुला आहे, डेक्रॉनचे कडे आहे, आणि शिकागोतल्या एका स्वयंपाकघरात ग्लिसरीनने तपासलेली, मधोमध सरळ भिंत असलेली नळीही आहे. घोणस चावलेला शेतकरी नागपुरात बरा होतो, गळ्यातली नळी काढून घरी परततो, तेव्हा त्या नळीचे नाव त्याला कोणी सांगत नाही. ते नाव ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा धागा.

धागा समाप्त.